चोरीला गेलेली सायकल आणि अडकलेलं एम-थ्री

मित्रहो, 'क्लासिक सिनेमा' हे शब्द कानावर पडले की आपल्या होस्टेलवर दोन प्रकारची उत्तरं मिळतात. पहिलं, "ब्लॅक अँड व्हाइट? नको यार, झोप येते." दुसरं जरा आदराचं, "हो हो, बघायचाय एकदा." हे 'एकदा' सबमिशननंतर येणार असतं. सबमिशन संपलं की ओरल, ओरल संपली की पेपर, पेपर संपले की गावाकडची गाडी. त्यामुळे ते 'एकदा' काही येत नाही.

या लेखात मी सिनेमाचं रसग्रहण वगैरे करणार नाही, तो माझा प्रांत नव्हे. मला एकच गोष्ट समजावून सांगायची आहे. माझी ताई आणि मी, गेली तीन वर्षं, काही बिनसलं की जुना सिनेमा बघतो. एकत्र बघतो. आणि त्याचा उपयोग होतो. तो नेमका कशामुळे होतो? 'मन रमतं' एवढं उत्तर मला पुरत नाही. मन तर मोबाइलवरच्या रील्सनेही रमतं, आणि अर्ध्या तासाने मोबाइल खाली ठेवला की आधीपेक्षा जास्त उदास वाटतं. मी मेकॅनिकलचा विद्यार्थी. एखादं यंत्र चालतं एवढ्यावर आमचं भागत नाही, ते का चालतं हे व्हायवाला सांगावं लागतं. तेव्हा हा माझा व्हायवा समजा.

घरचा ताळेबंद

विषय कळायला थोडी घरची परिस्थिती सांगणं भाग आहे. तालुक्याच्या गावी आमची पिठाची गिरणी आहे. अण्णा गिरणी बघतात, आई घर आणि गिरणी दोन्ही बघते. ताई बी.कॉम. झाली आणि बँकेच्या परीक्षा द्यायला लागली. पहिल्या वर्षी पूर्वपरीक्षेतच गेली, दुसऱ्या वर्षी मुख्य परीक्षेत दीड गुणाने राहिली. त्याच सुमारास माझं एस.ई.चं एम-थ्री अडकलं, पुढच्या खेपेलाही अडकलं. आमच्या नियमाप्रमाणे एस.ई.चे सगळे विषय सुटल्याशिवाय बी.ई.ला प्रवेश नाही, म्हणजे वायडीची टांगती तलवार. वायडी म्हणजे होस्टेलचं आणि मेसचं आणखी एक वर्ष, आणि ते पैसे येणार पुन्हा गिरणीतूनच. आणि नेमकी तेव्हाच गिरणीची मोटर जळाली. रिवाइंडिंगला साडेसहा हजार गेले, वर चार दिवस गिरणी बंद.

यातली एकही गोष्ट पेपरात छापून येण्यासारखी नाही. कुणी दगावलं नाही, घर बुडालं नाही. रोजच्या अडचणींची गंमत (गंमत कसली!) हीच असते. रडावं तर फार लहान, विसरावं तर फार मोठ्या. शेजारीपाजारी "होईल रे, पुढच्या वेळी" म्हणून मोकळे होतात. घरातही चमत्कारिक शांतता असते. ताईसमोर निकालाचा विषय काढायचा नाही, माझ्यासमोर एम-थ्रीचा नाही, अण्णांसमोर मोटरचा नाही. चार माणसं आणि बोलायला फक्त हवापाणी.

या शांततेत आमच्याकडे सिनेमा आला. आता तो काय काम करतो ते क्रमाने बघू.

एका सायकलची वंशावळ

आधी थोडा इतिहास, म्हणजे पुढचं नीट जुळेल. 1948 साली इटलीत व्हित्तोरिओ दे सिका या दिग्दर्शकाने 'बायसिकल थीव्ह्ज' नावाचा सिनेमा काढला. महायुद्ध संपून तीन वर्षं झालेली, रोममध्ये कामधंदा नाही. अंतोनिओ नावाच्या माणसाला भिंतींवर पोस्टर चिकटवायची नोकरी मिळते, पण अट एकच, स्वतःची सायकल पाहिजे. सायकल गहाण पडलेली. मग त्याची बायको घरातल्या पलंगावरच्या चादरी काढते, त्या गहाण ठेवून सायकल सोडवून आणतात. कामाच्या पहिल्याच दिवशी, तो शिडीवर चढून पोस्टर लावत असताना, सायकल चोरीला जाते. उरलेला सिनेमा म्हणजे अंतोनिओ आणि त्याचा लहान मुलगा ब्रुनो रोमभर ती सायकल शोधत फिरतात. बस, एवढीच गोष्ट. अंतोनिओचं काम करणारा माणूस व्यावसायिक नट नव्हता, कारखान्यातला कामगार होता.

ही सायकल आपल्याकडे दोन वाटांनी आली. सत्यजित राय 1950 साली जाहिरात कंपनीच्या कामासाठी लंडनला गेले होते, तिथे त्यांनी हा सिनेमा पाहिला आणि आपला 'पथेर पांचाली' असाच करायचा असं ठरवलं. प्रत्यक्ष गावात शूटिंग, नवखी माणसं, साधी गोष्ट. दुसरी वाट अशी की 1952 साली भारतात पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, त्यात बिमल रॉय यांनी हाच सिनेमा पाहिला, आणि 1953 साली 'दो बीघा ज़मीन' आला. त्याची पटकथा आणि संकलन करणारा तरुण म्हणजे हृषीकेश मुखर्जी. हृषीदा पुढे स्वतः दिग्दर्शक झाले. त्यांनी 1966 साली 'बीवी और मकान' काढला, 1979 साली 'गोलमाल' काढला. आणि 'बीवी और मकान'वरूनच सचिन पिळगांवकरांनी 1988 साली आपला 'अशी ही बनवाबनवी' केला!

म्हणजे बघा, होस्टेलवर ज्या सिनेमाचे संवाद आपण मेसच्या रांगेत एकमेकांवर फेकतो, त्या सिनेमाची खापरपणजी रोममधली एक चोरीला गेलेली सायकल आहे, असं म्हणायला हरकत नाही. एक रडवतो, एक हसवतो, पण दोघांचा विषय एकच. साध्या माणसाची साधी अडचण. सायकल नाही, खोली नाही, नोकरी नाही.

ही साखळी ताईने एका वहीत काढून ठेवली होती, बाण बिण मारून. ती म्हणाली, "हा आपला सिलॅबस." त्याच क्रमाने आम्ही सिनेमे बघितले.

पहिली गोष्ट : अडचणीला आकडा असतो

या सगळ्या सिनेमांत एक साम्य आहे, ते आम्हाला तिसऱ्या-चौथ्या सिनेमापासून दिसायला लागलं. यात माणसाचं दुःख मोघम नसतं, त्याला आकडा असतो.

'दो बीघा ज़मीन'मधला शंभू समजत असतो की जमीनदाराचे आपण 65 रुपये देणं लागतो. घरातलं किडूकमिडूक विकून तो ते जमवतो. तिथे गेल्यावर कळतं की वहीत रक्कम 235 रुपये आहे. कोर्ट त्याला तीन महिन्यांची मुदत देतं. पैसे भर, नाहीतर जमिनीचा लिलाव. तिथून पुढचा सगळा सिनेमा त्या 235 रुपयांचा आहे. शंभू कलकत्त्यात हातरिक्षा ओढतो, त्याचा मुलगा बूटपॉलिश करतो, आणि बघणाऱ्याच्या डोक्यात सारखी बेरीज चालू राहते. आज किती झाले? अजून किती हवेत?

'बायसिकल थीव्ह्ज'मध्येही तसंच. सायकल शोधून दमलेले बापलेक एका हॉटेलात जातात. परवडणारं नसतं, तरी जातात. आणि खाता खाता अंतोनिओ नोकरी टिकली असती तर महिन्याला किती मिळाले असते याचा हिशेब मुलाला कागदावर करायला लावतो. सायकल नाही म्हणजे काय नाही, ते तेव्हा आकड्यांत कळतं.

मी आणि ताई गिरणीवाल्याची पोरं. दळणाचा हिशेब आम्ही पाटीवर शिकलो. त्यामुळे हा भाग आम्हाला लगेच भिडला. 'दो बीघा ज़मीन' संपल्यावर ताईने वहीचं कोरं पान काढलं आणि लिहिलं :

"माझे : दीड गुण. तुझे : एम-थ्री, 40 मार्क. अण्णांचे : 6,500 रुपये."

त्या पानाकडे बघत बसलो. तोपर्यंत हे सगळं मिळून 'आपलं काही खरं नाही' असा एकच ढग होता. पानावर त्याचे तीन वेगवेगळे आकडे झाले. मग मी माझ्या आकड्याची फोड केली. एलडीई येतं, लाप्लास बऱ्यापैकी येतं, स्टॅटिस्टिक्स येतं. घोडं अडतं ते व्हेक्टर कॅल्क्युलसला. म्हणजे माझी अडचण 'मला मॅथ्स जमत नाही' एवढी मोठी नव्हती, ती दोन युनिट्सची होती. थर्मोमध्ये आपण शिकतो ना, आधी सिस्टिमची सीमा आखा, मग गणित मांडा. सीमाच आखली नाही तर सगळं विश्व हीच सिस्टिम होऊन बसते. हे सिनेमे ती सीमा आखून देतात.

दुसरी गोष्ट : एक माणूस तरी जाणतं असतं

आता हे एकट्याने बघितलं तर चालणार नाही का? चालेल की. पण भावंडाबरोबर बघण्यात फरक पडतो, आणि त्याचं उत्तरही या सिनेमांतच सापडतं.

'गोलमाल' आठवा. अमोल पालेकरचा रामप्रसाद आणि त्याची बहीण रत्ना. आईवडील नाहीत, घरात दोघंच. रामप्रसादला नोकरी हवी. भवानीशंकरला, म्हणजे उत्पल दत्तला, मिशीवाली, जुन्या वळणाची, खेळबिळ न बघणारी मुलं आवडतात. हा आखूड कुर्ता घालून, मिशी ठेवून नोकरी मिळवतो. मग आई आजारी असल्याचं सांगून हॉकीची मॅच बघायला जातो, साहेब तिथेच त्याला बघतात, आणि थाप निभवायला बिनमिशीचा जुळा भाऊ जन्माला येतो! पुढचा गोंधळ तुम्हाला ठाऊक आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. साहेबांच्या समोर दोन रामप्रसाद असतात, घरी बहिणीसमोर एकच. तिथे त्याला काही बनावं लागत नाही. म्हणून तो गोंधळ आपल्याला हसू आणतो. ती बहीण काढून टाका, तोच सिनेमा भीतीदायक होईल.

'बनवाबनवी'तही तसंच. चौघांना पुण्यात खोली मिळत नाही, मालकीणबाईंना भाडेकरू जोडपीच हवीत, म्हणून दोघं बायका होतात. त्यात धनंजय आणि शंतनू सख्खे भाऊ. बाहेर सोंग, आणि खोलीचं दार लावलं की पदर फेकून चौघं आपापल्या मूळ रूपात. ते दार लावायची जागा सगळ्यांना हवी असते.

इराणच्या माजिद माजिदीचा 1997 सालचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' आमच्या सायकलच्या साखळीत येत नाही, पण आम्ही तो तिच्याच शेजारी ठेवला आहे. अलीच्या हातून बहिणीचे, झहराचे, नुकतेच दुरुस्त केलेले बूट हरवतात. वडिलांकडे नवे घ्यायला पैसे नाहीत हे दोघांनाही माहीत. म्हणून ठरतं की आईवडिलांना सांगायचं नाही. घर एका खोलीचं, आईवडील समोरच. तर ही दोघं अभ्यास करत असल्याचं दाखवून वहीत लिहून एकमेकांशी बोलतात! मग अलीचे कापडी बूट दोघं वापरतात. झहराची शाळा सकाळची, अलीची दुपारची. शाळा सुटली की ती गल्लीबोळांतून धावत येते, बूट बदलतात, आणि तो धावत सुटतो.

हा सिनेमा बघताना ताई मध्येच म्हणाली, "आपणपण असंच करतो की रे." खरंच होतं ते. मोटर जळाली तेव्हा अण्णांनी मला होस्टेलवर कळवलं नव्हतं, ताईने कळवलं. एम-थ्रीचा दुसरा निकाल मी आधी ताईला सांगितला, मग आठवड्याने घरी. भावंडांमध्ये हा बूटबदल चालू असतोच. आईवडिलांना सांगितलं तर त्यांना झोप लागणार नाही, मित्रांना सांगितलं तर अर्धं समजावून सांगावं लागतं. भावंडाला घरातला प्रत्येक आकडा आधीच ठाऊक असतो. प्रस्तावना लागत नाही.

आणि सिनेमा बघताना आणखी एक सोय होते. दोघांची तोंडं पडद्याकडे असतात. समोरासमोर बसून "तुला काय वाटतंय?" असं विचारलं तर आमच्या घरात कुणी धड उत्तर देणार नाही. पण शेजारी शेजारी बसून, शंभूबद्दल बोलता बोलता, माणूस स्वतःबद्दल बोलून जातो. ताईने दीड गुणाबद्दल पहिल्यांदा तोंड उघडलं ते असंच. ब्रुनो पावसात घसरून पडतो आणि बापाचं लक्षच नसतं, तो प्रसंग चालू होता. ती पडद्याकडे बघतच म्हणाली, "निकालाच्या दिवशी मी दोन तास गिरणीत बसले होते. आवाजात कुणाला रडू ऐकू येत नाही." मीही पडद्याकडेच बघत राहिलो. नंतर उठून चहा टाकला.

तिसरी गोष्ट : शेवटी सगळं ठीक होत नाही

अंतोनिओला सायकल सापडत नाही. उलट तोच हताश होऊन दुसऱ्याची सायकल चोरायला जातो, पकडला जातो, लोक मारतात. ब्रुनो समोर उभा. त्या पोराकडे बघून सायकलचा मालक तक्रार करत नाही, सोडून देतो. बापलेक चालायला लागतात, बापाच्या डोळ्यांत पाणी, आणि मुलगा त्याचा हात धरतो. गर्दीत दोघं दिसेनासे होतात. संपला सिनेमा.

शंभूची जमीन जाते. तिथे कारखाना उभा राहिलेला असतो. तो कुंपणाबाहेरून मूठभर माती घेतो, तर रखवालदार तीही टाकायला लावतो.

अलीला धावण्याच्या शर्यतीत तिसरा नंबर हवा असतो, कारण तिसऱ्या बक्षिसात बूट आहेत. तो पहिला येतो! लोक त्याला उचलून घेतात, फोटो काढतात, आणि पोराचं तोंड पडलेलं. तिकडे वडिलांनी सायकलला नवे बूट अडकवलेले आपल्याला दिसतात, पण अलीला ते अजून माहीत नसतं.

सुरुवातीला माझा प्रश्न असा होता की आधीच डोक्याला ताप असताना हे असले शेवट का बघायचे? पण अनुभव वेगळा आला. ज्या सिनेमात शेवटी नायकाचं सगळं छान होतं तो संपला की आपली खोली आणखी भकास दिसते. त्याचं झालं, आपलं कुठे झालंय? हे सिनेमे संपतात तेव्हा त्या माणसाची अडचण असते तिथेच असते, फक्त कुणीतरी हात धरलेला असतो आणि दोघं चालत असतात. म्हणजे आपण जिथे आहोत तिथेच तेही आहेत. आपल्याला मागे टाकून पुढे गेलेलं कुणी नाही. तिथून उठून टेबलावरचं कुमार-बिमार काय ते पुस्तक उघडणं सोपं जातं.

ज्यांनी सिनेमा काढला त्यांचीही वायडी

आता माझा सगळ्यात आवडता भाग. 'पथेर पांचाली'त अपू आणि दुर्गा ही भावंडं काशफुलांच्या पांढऱ्या रानातून धावत आगगाडी बघायला जातात. जगातल्या नामांकित दृश्यांपैकी एक. 1952 च्या ऑक्टोबरमध्ये शूटिंगला सुरुवात झाली ती याच दृश्याने. एक दिवस शूटिंग झालं, अर्धं दृश्य राहिलं. आठवड्याने मंडळी परत गेली तर रान साफ! गुरांनी सगळी काशफुलं खाऊन टाकली होती.

काश वर्षातून एकदा फुलतो. म्हणजे पुढच्या हंगामापर्यंत थांबा. आपल्या भाषेत सरळसरळ वायडी!

पैशांचीही तीच रड. रायनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, ग्रामोफोनच्या आवडत्या रेकॉर्ड विकल्या, बायकोचे दागिने गहाण गेले. पैसे संपले की काम बंद, मिळाले की चालू. शेवटी पश्चिम बंगाल सरकारने पैसे दिले, तेही रस्तेसुधारणेच्या खात्यातून. 'पथेर पांचाली' म्हणजे रस्त्याचं गाणं ना! 1955 साली सिनेमा पूर्ण होऊन प्रदर्शित झाला, 1956 साली कान महोत्सवात गौरवला गेला. मधल्या काळात अपूचं काम करणाऱ्या मुलाचा आवाज फुटला नाही, दुर्गा एकदम मोठी दिसायला लागली नाही आणि म्हाताऱ्या आत्याचं काम करणाऱ्या चुनीबाला देवी हयात राहिल्या, हे आपलं नशीब, असं रायच पुढे सांगत.

हे मी ताईला वाचून दाखवलं तेव्हा ती इतकी हसली की आई आतून बघायला आली. त्यानंतर आमच्या घरात 'गुरांनी खाल्लं' हा वाक्प्रचार झाला. निकाल आला की ताईचा एका ओळीचा मेसेज : "गुरांनी खाल्लं." त्यात सगळं येतं. काय झालं, किती वाईट वाटतंय, आणि काश पुन्हा फुलतो हेसुद्धा. भावंडांची अशी स्वतःची भाषा असते, आमची या सिनेमांनी भरून दिली.

प्रात्यक्षिक क्र. 1

एवढं वाचून कुणाला करून बघावंसं वाटलं तर जर्नलच्या पद्धतीने कृती देतो.

उद्देश : रोजच्या अडचणीचा आकार मोजणे.

साहित्य : एक जुना सिनेमा, एक भाऊ किंवा बहीण (सख्खी नसल्यास चुलत, मावस, मामे, अगदीच नसल्यास रूम पार्टनर), चहा, एक वही.

कृती :
1. सिनेमा अडचणीच्या जातीचा निवडा. पैशांची कडकी असेल तर 'दो बीघा ज़मीन', नोकरीचं असेल तर 'गोलमाल', रूम मिळत नसेल तर 'बनवाबनवी'. पहिल्याच दिवशी 'पथेर पांचाली'ला हात घालू नका, त्याला सवय लागते.
2. सुट्टीत घरी असाल तर उत्तमच. होस्टेलवर असाल तर दोघांनी फोन लावून एकदम सुरू करा. आम्ही "एक, दोन, तीन, प्ले" म्हणतो. तरी नेटमुळे ताईचं चित्र दोन-तीन सेकंद मागे राहतं, त्यामुळे मी हसून झाल्यावर ती हसते. त्यातही मजा आहे.
3. सिनेमा चालू असताना निकाल, फी, इंटरव्ह्यू यांविषयी प्रश्न विचारायचे नाहीत. समोरचा आपण होऊन बोलला तर ऐकायचं, पॉज करायचं नाही.
4. संपल्यावर पाच मिनिटं गप्प. मग वही काढा. प्रत्येकाने आपापला आकडा लिहायचा. किती मार्क, किती रुपये, किती दिवस.
5. आकडा लिहिल्यावर त्यातला आज रात्री करता येण्यासारखा सगळ्यात लहान तुकडा खाली लिहायचा, आणि झोपायचं.

दक्षता : मोठ्या भावंडाने उपदेश करू नये. लहान भावंडाने सिनेमाचा शेवट आधी सांगू नये. परीक्षेच्या आदल्या रात्री हे प्रात्यक्षिक करू नये, त्या रात्री सॉल्व्ह्ड पेपर्सच बघावेत.

निष्कर्ष

सिनेमाने माझं एम-थ्री सोडवलं नाही. ते व्हेक्टर कॅल्क्युलसच्या दोन युनिट्सनी सोडवलं, तिसऱ्या खेपेला, 43 मार्कांनी. तेव्हा मी बी.ई.ला आलो. ताईला बँक अजून लागलेली नाही. ती गावातल्या पतसंस्थेत कॅशियर आहे, आणि संध्याकाळी गिरणीच्या आवाजात रीझनिंग सोडवते. मोटर व्यवस्थित चालू आहे, पण आता पट्टा बदलायला आलाय म्हणे. म्हणजे ताळेबंद काही पूर्ण जुळलेला नाही. तो तसा कुठल्याच घरात जुळत नसावा.

पण त्या वहीची आता अकरा पानं भरली आहेत. वरच्या काही आकड्यांवर काट मारली आहे, काही तसेच आहेत. आमच्या यंत्राचं आउटपुट विचाराल तर ते एवढंच. आपली अडचण केवढी आहे ते कळतं, आणि ती दोघांना माहीत आहे हेही कळतं. पुढचं काम ज्याचं त्याने करायचं.

तेव्हा मित्रहो, आपल्या विंगमध्ये ज्यांचं काही ना काही अडकलंय, आणि कुणाचं नाही अडकलेलं, त्यांनी आज रात्री मेसवरून आल्यावर घरी फोन लावा. आईला नेहमीसारखं "जेवलो, बरं आहे" सांगून झालं की म्हणा, "जरा ताईला दे गं." किंवा दादाला, किंवा त्या शेंबड्या धाकट्याला. आणि विचारा, "रविवारी रिकामा आहेस का? एक सायकल शोधायची आहे."